सावलीत वाळवलेली साल

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझ्या बायकोने तिचा स्वीकारला गेलेला शोधनिबंध मागे घेतला. तो छापून यायला थोडेच आठवडे राहिले होते. निबंध मुळशीच्या डोंगरात वाढणाऱ्या एका झाडाच्या सालीवर होता. या सालीच्या अर्काने जखमेत पू करणारा एक जंतू मरतो आणि सालीत हा गुण फक्त पावसाळ्यात असतो, असं त्यात लिहिलं होतं. मागे घेण्याचं पत्र तिने भूगावच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी दाराच्या तोरणासाठी झेंडू ओवत होतो.

झाडाचं नाव इथे देत नाही. ते का, हे पुढे येईल.

ती लवळ्याच्या टेकडीवरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत होती. नोकरी कंत्राटी होती, प्रकल्पाला बांधलेली. तालुक्यातले लोक जखमांवर आणि कातडीच्या दुखण्यांवर ज्या वनस्पती वापरतात त्यांत खरंच काही आहे का, हे तपासणं हा प्रकल्प. त्याचा पहिला टप्पा संपत आला होता. दुसरा मंजूर झाला तर तिची नेमणूक वाढणार होती, नाही झाला तर मार्चअखेर संपणार होती. कायमची जागा मिळण्याचं वय आपण मागे टाकलं आहे, असं ती स्वतःच सांगायची, आणि त्यात तक्रारीचा सूर नसायचा. साल सापडण्याआधी तिने बऱ्याच वनस्पती तपासल्या होत्या. पाला किंवा मूळ वाळवायचं, दळायचं, द्रावणात भिजवायचं, द्रावण उडवून अर्क उरवायचा. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत त्या अर्कात बुडवलेली कागदाची टिकली ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. अर्कात काही असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, तिथे स्वच्छ वर्तुळ दिसतं. वर्तुळ दिसत नव्हतं. संध्याकाळी घरी आल्यावर मी विचारायचो, ती मान हलवायची, मग आम्ही कुकर लावायचो. पुढे पुढे मी विचारणं सोडलं.

मी बरीच वर्षं एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. आपण पाहिलेलं आणि आपण ऐकलेलं वेगळं ठेवायचं, ही तिथली शिस्त. खालच्या मजकुरात ती पाळली आहे.

साल आम्हाला ताम्हिणीत मिळाली, तीही शोधायला गेलो नसताना. आषाढातला रविवार होता. कोकणातून परतताना घाट चढून वर आलो आणि रस्त्याकडेच्या एका घरी चहाला थांबलो. घरापुढे पत्र्याची शेड, तिच्यात बाकडी, मागे भातखाचरं. नवरा-बायको दोघं मिळून पावसाळ्यात पर्यटकांसाठी पिठलं-भाकरी आणि भजी करायचे. बाई बाकड्याच्या टोकाला पाय वर घेऊन बसली होती आणि बोटांच्या बेचक्यांत काहीतरी तपकिरी चोळत होती.

"मावशी, काय लावताय?" बायकोने विचारलं.

"साल हाय. चिखल्यांना लावायची. लावणी चालू हाय न्हवं, पाय कुजत्यात."

कढईपाशी उभा असलेला तिचा नवरा वळून म्हणाला, "बघा. गिऱ्हाईक भजी खातंय आन ही पाय दावतीया."

"तुमी भजी जाळू नका, मग गिऱ्हाईक माझ्या पायाकडं बघनार न्हाई."

बायकोने सालीचा तुकडा हातात घेतला, नखाने खरवडला, झाड कुठे आहे ते विचारलं. मग ती त्या बाईशी बराच वेळ बोलली. पोतंभर साल काढून द्याल का, असं विचारून तिने सूचना दिल्या. त्या मी ऐकल्या आहेत. खोड सगळ्या बाजूंनी सोलायचं नाही, एकाच अंगाने पातळ साल काढायची. धुवायची नाही. वाकवली की मोडेल इतकी कडक झाल्याशिवाय पोत्यात भरायची नाही. आणि उन्हात वाळवायची नाही.

"ऊन लागू द्यायचं न्हाई," मावशी म्हणाली.

"अजिबात नाही. सावलीतच."

"बरं. सावलीत."

हाच शब्द पुढे निबंधात गेला. साल सावलीत वाळवण्यात आली.

पोतं आम्ही श्रावणात जाऊन आणलं. गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि घरी येईपर्यंत गाडीत धुराचा वास भरला. ताम्हिणीतून पावसाळ्यात काहीही आणलं, तांदूळ, गोधडी, माणूस, तरी त्याला धुराचा वास असतो. पौडपर्यंत आम्ही काचा खाली करून आलो. पुढे पिरंगुटला वाहतूक तुंबली होती, डंपरमागे डंपर होते, तेव्हा धुळीसाठी त्या पुन्हा वर केल्या. वासाबद्दल दोघांपैकी कुणी काही बोललं नाही.

काही दिवसांनी दुपारी तिचा फोन आला.

"वर्तुळ आलंय."

"कसलं?"

"सालीचं. टिकलीच्या भोवती. मोठं आहे."

मागे कुणीतरी बोलत होतं. तिने फोन ठेवला आणि बशीचा फोटो पाठवला. पिवळसर थरावर कागदाची टिकली आणि तिच्याभोवती काचेसारखी स्वच्छ कडी. त्या संध्याकाळी तिने घरी येताना जिलेबी आणली. त्याच पोत्यातली साल घेऊन तिने प्रयोग पुन्हा केला, पुन्हा केला. वर्तुळ प्रत्येक वेळी आलं.

हिवाळ्यात दुसरं पोतं आणलं. त्या सालीने काहीच दिलं नाही.

ते महिने मला तिच्या बोलण्यातून ठाऊक आहेत. तिने जंतू नवे मागवले. द्रावण बदललं. दळण्याचं यंत्र धुऊन घेतलं. पहिल्या पोत्यातली उरलेली साल पुन्हा तपासली, वर्तुळ आलं. दुसऱ्या पोत्यातल्या सालीने दिलं नाही. झाड तेच आहे का, हे पाहायला ती काकांबरोबर (मावशीच्या नवऱ्याला आम्ही काका म्हणायला लागलो होतो) डोंगरावर जाऊन आली. झाडं तीच होती. रात्री जेवताना ती ताटात बघत बसायची आणि मध्येच म्हणायची, "ओलावा तर सारखाच होता."

प्रकल्पाचे प्रमुख, ज्यांना ती सर म्हणायची, ते मवाळ गृहस्थ होते. निवृत्ती जवळ आली होती. ऋतूचा प्रश्न त्यांनी काढला. झाडं वेगवेगळ्या ऋतूंत वेगवेगळी द्रव्यं बनवतात, हे माहीत असलेलं शास्त्र आहे. पावसाळ्यात बुरशीशी झगडायला या झाडाने सालीत काही तयार केलं असेल, थंडीत त्याची गरज नसेल. पुढच्या पावसाळ्याची वाट बघू, ते म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात मावशीने दिलेल्या पोत्यातल्या सालीने वर्तुळ दिलं, पहिल्याएवढंच. आता प्रश्नच मिटला होता, उलट आधी जी अडचण वाटत होती तोच शोध ठरला. निबंधाच्या शीर्षकात ऋतू आला. सरांनी कॅन्टीनमधून सगळ्यांना पेढे वाटले. निबंध पाठवला गेला, परीक्षकांनी शंका विचारल्या, तिने उत्तरं दिली. दुसऱ्या टप्प्याचा प्रस्तावही तयार झाला. त्यातलं मुख्य काम होतं, पावसाळी सालीतलं ते द्रव्य वेगळं करून ओळखणं. ओळखायचं यंत्र दुसऱ्या संस्थेत होतं, तिथे रांग होती, म्हणून ते काम दुसऱ्या टप्प्यात ढकललं होतं.

यानंतरचा पावसाळा म्हणजे गेल्या वर्षीचा. दुसऱ्या टप्प्याला भरपूर साल लागणार होती आणि दर वेळी मावशीकडची साल वाळायची वाट बघणं शक्य नव्हतं. प्रयोगशाळेत वाळवणीचं कपाट आलं होतं, आत पंखा आणि मंद ऊब. श्रावणातल्या एका सकाळी आम्ही ताम्हिणीला गेलो. ढग रस्त्यावर उतरले होते, दिवे लावून गाडी चालवावी लागली. काकांनी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन आमच्यासमोर साल काढली. जळवांसाठी पायांना तंबाखू चोळली होती, तरी बायकोच्या घोट्याला एक लागलीच. ओली साल पिशवीत भरून आम्ही त्याच दिवशी लवळ्याला पोचवली.

त्या सालीने वर्तुळ दिलं नाही.

तिने पुन्हा करून पाहिलं. नाही दिलं. निबंध स्वीकारल्याची ईमेल याच सुमाराला आली. ती तिने मला घरी दाखवली, फोन टेबलावर ठेवला आणि गॅसवर ठेवलेलं दूध बघायला उठली.

"कपाटाच्या उबेने काहीतरी उडून जात असेल," ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

"एवढ्याशा उबेने?"

"तेच तर."

गणपती झाल्यावर आम्ही परत गेलो. मावशी साल कशी वाळवते ते स्वतः बघायचं, अगदी तसंच प्रयोगशाळेत करायचं, असं तिच्या मनात होतं. पाऊस कोसळत होता. शेडमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. मावशी आत चुलीपाशी होती. चहा-भज्यांना बाहेर गॅस असला तरी पिठलं-भाकरी आतल्या चुलीवरच व्हायची.

"मावशी, साल कुठे वाळवता ते दाखवा ना."

"या की आत. खाली वाका."

आत धूर होता. डोळे सरावायला वेळ लागला. चुलीच्या वर, उभं राहून हात पुरेल इतक्या उंचीवर, कारवीच्या काठ्यांचा माळा बांधलेला होता. काठ्या काजळीने काळ्या आणि तुकतुकीत झाल्या होत्या. त्यावर वर्तमानपत्र अंथरून सालीचे तुकडे नीट, एकमेकांना न चिकटता, ओळीने मांडले होते. खाली पिठलं रटरटत होतं. धूर माळ्यातून वर जात होता आणि कौलांतून बाहेर पडत होता.

बायको वर बघत राहिली.

"हे काय आहे, मावशी?"

"साल. तुमचीच. म्हनलं ताई येनार, आधीच काढून ठिवली."

"सावलीत वाळवा म्हटलं होतं ना मी?"

मावशीने पिठलं ढवळायचा काविलथा हातात तसाच धरून तिच्याकडे पाहिलं. "मग ही काय उन्हात हाय व्हय?"

काका दारात येऊन उभे राहिले होते.

"पावसाळ्यात हितं सगळी सावलीच हाय ताई," ते म्हणाले. "पर वाळतंय ते हितंच. पडवीत ठिवली तर दोन दिसांत बुरशी धरतीया."

"थंडीत दिलीत ती?"

"ती पडवीत. थंडीत पडवीत वाळतंय की. चुलीवर कशाला चढवायची."

"आणि पहिल्या वर्षीची? मागच्या पावसाळ्यातली?"

"वरच," मावशी म्हणाली. "आवो, तुमच्या सालीपायी मी बोंबील खाली उतरीवलं. औषदाचं काम हाय, वास लागाया नको."

"मला तीन-चार म्हयनं बोंबील न्हाई," काका म्हणाले. "इचारा हिला. डबा वर ठिवायला जागा न्हाई, म्हनं कालेजची साल हाय."

बायकोने हात वर करून एक तुकडा घेतला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. मग ती चुलीपाशी पाटावर बसली. मावशीने तिला चहा दिला. तिने तो पूर्ण प्यायला. निघताना काकांनी पोतं भरून देऊ का विचारलं. ती म्हणाली, द्या.

परतताना मुळशी धरणाच्या कडेला आलो तेव्हा ती म्हणाली, "धुरात जंतू मारणारी द्रव्यं असतात. म्हणून तर मासे धुरावर टिकतात. हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं." थोड्या वेळाने म्हणाली, "पण सिद्ध करायला पाहिजे."

घरी आल्यावर तिने कपाटातून माझा जुना सुती पंचा काढला. मधोमध फाडला. दोन्ही अर्धे उकळून वाळवले. एक पिशवीत बंद करून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला. दुसरा घेऊन पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा ताम्हिणीला गेलो.

"ह्ये कशापायी?" मावशीने विचारलं.

"माळ्यावर ठेवायचंय. साल ठेवता तिथेच, साल ठेवता तितकेच दिवस."

मावशीने पंचा हातात घेऊन चाचपला. "आवो, ह्यो तर कोरडाच हाय."

"असू दे."

"पंच्याला चिखल्या झाल्या का काय?" काका म्हणाले.

बायको हसली नाही. पंचा कसा ठेवायचा ते तिने स्वतः माळ्यावर हात घालून दाखवलं. मग डोंगरावरची झाडं बघून येते म्हणाली, आणि पाऊस उघडल्यावर आम्ही तिघं वर गेलो. पायवाटेला लागून असलेली दोन झाडं खालपासून माणसाच्या उंचीपर्यंत सगळ्या बाजूंनी सोललेली होती. सोलणं कोयत्याचं होतं, घाईचं. काकांनी ती आपण सोलली नसल्याचं सांगितलं. त्यांच्या कामाची झाडं आतल्या बाजूला होती, त्यांच्यावर एकेकच पट्टी निघालेली होती. कॉलेज साल घेतंय अशी चर्चा गावात आणि घाटातल्या ढाब्यांवर होती, एवढं त्यांना ठाऊक होतं. पुण्याहून कुणी एक जण येऊन झाड कोणतं म्हणून विचारून गेला होता.

"तुम्ही सांगितलंत?" तिने विचारलं.

"मी कशाला सांगतुया. पर झाड काय लपून ऱ्हातंय?"

पंचा आम्ही पितृपक्षात परत आणला. तो पिवळट झाला होता. गाडीत तोच वास भरला, आणि या वेळी दोघांनीही काचा खाली केल्या नाहीत.

तिने दोन्ही अर्धे सालीसारखेच कातरले, भिजवले, द्रावण उडवलं, अर्क टिकल्यांवर घेतला. जोडीला माळ्यावरची साल आणि कपाटात वाळवलेली साल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोन केला.

"तुझ्या पंच्याने वर्तुळ दिलं."

"आणि दुसऱ्या अर्ध्याने?"

"काही नाही."

"सालीपेक्षा लहान आहे का?"

"थोडं मोठंच आहे. कापड जास्त शोषून घेतं."

पलीकडे कुठल्यातरी यंत्राची घरघर चालू होती. "बरं," मी म्हणालो. ती म्हणाली, "ठेवते."

सरांशी तिचं बोलणं झालं तेव्हा मी तिथे नव्हतो. पुढचा संवाद तिने सांगितला तसा आहे. सरांकडून मी तो पडताळून घेतलेला नाही.

सरांनी चारही बशा खिडकीपाशी नेऊन पाहिल्या. मग खुर्चीत बसले.

"साल सावलीत वाळवली, हे वाक्य खोटं आहे का?"

"नाही, सर."

"वर्तुळ खोटं आहे?"

"नाही."

"ऋतूचा फरक?"

"तोही खरा आहे. पावसाळ्यात चूल, थंडीत पडवी."

"मग खोटं काय आहे?"

"झाड," ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते म्हणाले की धुरी देणं ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे, निबंधात एक परिच्छेद वाढवता येईल. पारंपरिक धूपनसंस्कार केलेली साल, असं म्हणता येईल. नवीन मुद्दाही होईल.

"सर, तो संस्कार पिठल्याच्या चुलीचा आहे. पंच्यावरही झालाय."

"पंच्याचं कुणाला सांगायची गरज नाही."

ती बशा गोळा करू लागली. मग सरांनी दुसऱ्या टप्प्याचं काय करायचं, असं विचारलं, आणि ती उत्तर देण्याआधी स्वतःच म्हणाले, "तुझ्या नेमणुकीवरून मी तुला काही सुचवतोय असं समजू नकोस." ती म्हणाली, नाही समजत. निघताना ते म्हणाले, "मी अडवणार नाही. पण पत्र तू लिही. माझ्याच्याने ते व्हायचं नाही."

त्यानंतर काही दिवस तिने पत्र लिहिलं नाही. ती वेळेवर जायची, वेळेवर यायची. प्रयोगशाळेत करण्यासारखं फारसं नव्हतं. घरी आम्ही दसऱ्याची साफसफाई काढली होती. एकदा भांडी पुसता पुसता तिने विचारलं, "तुमच्या पेपरात चुकीची बातमी गेली तर काय करायचात?"

"दुसऱ्या दिवशी खुलासा. आतल्या पानावर, खाली."

"आणि छापायच्या आधी कळलं तर?"

"काढायचो."

"मग ती जागा?"

"जाहिरात टाकायचे."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती. मग पातेलं पालथं घालत म्हणाली, "छापून आलं तर पुढच्या पावसाळ्यात लोक कोयते घेऊन जातील. पावसाळ्यातच जातील, मीच लिहिलंय तसं."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने पत्र लिहिलं. त्यात चुलीचा, माळ्याचा आणि पंच्याचा उल्लेख आहे. पाठवण्यापूर्वी मला वाचायला दिलं. मी एक स्वल्पविराम सुचवला. सहलेखक म्हणून संमती असल्याची सरांची एका ओळीची ईमेल संध्याकाळी गेली. नियतकालिकाकडून पोच दोन दिवसांनी आली. त्यात आभार मानले होते.

दिवाळीनंतर त्या दुसऱ्या संस्थेतल्या यंत्रावरचा अहवाल आला. रांगेतला नंबर लागला होता म्हणून तिने सालीचा आणि पंच्याचा, दोन्ही अर्क पाठवून दिले होते. लाकूड जळताना धुरात येणारी द्रव्यं दोन्हींत सापडली. झाडाची साल औषधी नाही असं यातून सिद्ध होत नाही. तिच्या प्रयोगांत औषधी गुण दिसला नाही, एवढंच म्हणता येतं. हे वाक्य तिचं आहे.

थंडीत आम्ही ताम्हिणीला गेलो. धरणाच्या बाजूचं गवत पिवळं पडलं होतं, रस्त्यावर गर्दी नव्हती. मावशी पडवीत नाचणी पाखडत होती. बायकोने तिला सगळं सांगितलं. मावशी सूप थांबवून ऐकत होती.

"म्हंजी सालीत काय न्हाई?"

"मला दिसलं नाही."

"आन धुरात हाय?"

"आहे थोडं. पण धूर काही औषध म्हणून देता येत नाही कुणाला."

"आमी तर रोजच घेतोय," मावशी म्हणाली आणि खोकली. मग म्हणाली, "माझ्या चिखल्या तर बऱ्या व्हत्यात."

"लावत जा मग."

"तुमचं काम गेलं का काय त्या पायी?"

"मार्चपर्यंत आहे."

मावशी पुन्हा पाखडायला लागली. बायको उठताना म्हणाली, "बोंबील आता वर ठेवा."

"कवाच ठिवलं," काका आतून म्हणाले.

वाटेवरच्या त्या दोन सोललेल्या झाडांपैकी एक वाळलेलं होतं. दुसऱ्याला पालवी होती.

दुसऱ्या टप्प्याच्या प्रस्तावातून सरांनी साल काढून टाकली आणि बाकीच्या वनस्पती ठेवल्या. प्रस्ताव मंजूर झाला नाही. कारण कळवण्यात आलेलं नाही. मार्चअखेर तिची नेमणूक संपली. शेवटच्या दिवशी तिने बशा धुतल्या, कपाटाची किल्ली दिली आणि प्रयोगात न वापरलेला, उरलेला पंच्याचा तुकडा घरी आणला. तो सध्या गाडीच्या काचा पुसायला आहे.

पावसाळ्याआधी तिला पिरंगुटला वनौषधींच्या गोळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं. बाहेरून येणारी पाळंमुळं आणि साली तपासून घ्यायच्या, हे तिचं काम आहे. पहिल्याच आठवड्यात तिने एक पोतं पुरवठादाराला परत पाठवलं. परत पाठवण्याचं कारण म्हणून तिने लिहिलं: धुराचा वास.